प्रश्न वाचकांचे : दुसऱ्या भाषेतून सी लायब्ररी वापरताना

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत लिहिलेल्या असंख्य लायब्रऱ्या, म्हणजे तयार फंक्शनांचे संच, आजही रोजच्या कामात आहेत. माहिती दाबून लहान करणारी झेडलिब आणि मोबाइलपासून ब्राउझरपर्यंत सर्वत्र आढळणारी, डेटाबेस सांभाळणारी एसक्यूलाइट ही त्यांतील दोन ठळक नावे. नवा प्रोग्राम पायथन, रस्ट किंवा जावा यांपैकी कोणत्याही भाषेत लिहायचा असला, तरी हे काम नव्याने करण्यापेक्षा वर्षानुवर्षे तावूनसुलाखून निघालेली लायब्ररी वापरणेच बहुधा योग्य ठरते. मात्र दोन भाषांच्या सीमेवर कोणते नियम लागू होतात, याविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही पत्रे आशय कायम ठेवून, संक्षिप्त रूपात येथे घेतली आहेत.

प्रश्न : सी लायब्ररीला हाक मारू देणारे पायथनमधील सीटाइप्स हे मॉड्यूल वापरून मी झेडलिबच्या सीआरसी३२ या, माहिती पडताळण्यासाठी संख्या काढणाऱ्या, फंक्शनला एक ते नऊ हे इंग्रजी अंक ओळीने असलेली नऊ बाइट्सची माळ दिली. उत्तर उणे ८७३१८७०३४ आले. तीच माळ पायथनच्या स्वतःच्या झेडलिब मॉड्यूलला दिली असता उत्तर ३४२१७८०२६२ येते. त्याच लायब्ररीतील आवृत्ती सांगणारे फंक्शन तर निरर्थक संख्या परत करते आणि ती पत्ता म्हणून वापरली की प्रोग्राम कोसळतो. लायब्ररीच्या माझ्या प्रतीत दोष आहे काय?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लायब्ररीत दोष नाही. आपल्याला मिळालेल्या दोन्ही संख्या म्हणजे तेच ३२ बिट आहेत. एकदा ते चिन्हासहित वाचले गेले आणि एकदा चिन्हाविना. दोन संख्यांमधील अंतर ४२९४९६७२९६, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात, एवढे आहे, हे आपण पडताळून पाहू शकता.

असे का होते, हे समजण्यासाठी कंपाइल झालेल्या लायब्ररीच्या फायलीत काय असते आणि काय नसते, हे पाहावे लागेल. तिच्यात फंक्शनांची नावे आणि त्यांचे पत्ते असतात; परंतु कोणते फंक्शन किती पॅरामीटर घेते, ते कोणत्या प्रकारचे असतात आणि परत काय मिळते, याची नोंद तेथे नसते. ती माहिती हेडर फायलीत, म्हणजे लायब्ररीसोबत येणाऱ्या घोषणांच्या फायलीत, असते. हेडर वाचतो तो सी भाषेचा कंपायलर, आणि तोच कोणते मूल्य प्रोसेसरच्या कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायचे हे ठरवतो. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरील लिनक्समध्ये पूर्णांक आणि पत्ते यांपैकी पहिली सहा मूल्ये ठरलेल्या सहा रजिस्टरांतून जातात, तर विंडोजमध्ये पहिली चारच. हाक मारणाऱ्याने आणि हाकेला ओ देणाऱ्याने हा करार तंतोतंत पाळला, तरच व्यवहार सुरळीत होतो.

सीटाइप्स हेडर वाचत नाही. आपण काही सांगितले नाही, तर प्रत्येक फंक्शन साधा इंट परत करते असे ते धरून चालते. सीआरसी३२ हे फंक्शन अनसाइन्ड लाँग परत करते; त्याचे खालचे ३२ बिट चिन्हासहित वाचले गेल्यामुळे आपल्याला ऋण संख्या मिळाली. आवृत्ती सांगणारे फंक्शन तर अक्षरांच्या माळेचा पत्ता परत करते. हा पत्ता आठ बाइट्सचा असतो. इंट मानल्यामुळे त्याची वरची चार बाइट्स गळून पडतात आणि उरतो तो भलत्याच जागेचा पत्ता. सीटाइप्स २००६ मध्ये पायथन २.५ बरोबर मूळ संचात आले, तेव्हा ३२-बिट यंत्रे सर्रास वापरात होती आणि त्यांच्यावर पत्ता व इंट दोन्ही चार बाइट्सचे असल्यामुळे हा हलगर्जीपणा खपून जात असे. त्या काळातील उदाहरणे आजही शिकवण्यांत फिरत असतात आणि नवख्या माणसाची फसगत करतात.

उपाय असा की, पहिली हाक मारण्यापूर्वीच प्रत्येक फंक्शनाच्या रेसटाइप आणि आर्गटाइप्स या दोन गुणधर्मांत परतीचा प्रकार आणि पॅरामीटरांचे प्रकार नोंदवावेत. येथे आणखी एक बारकावा आहे. लाँग हा प्रकार ६४-बिट लिनक्सवर आठ बाइट्सचा, तर ६४-बिट विंडोजवर चार बाइट्सचा असतो. म्हणून मोजूनमापून ६४-बिट पूर्णांक न लिहिता सीटाइप्समधील अनसाइन्ड लाँग हाच प्रकार लिहावा, म्हणजे ज्या त्या यंत्रावर तो योग्य तेवढाच राहतो. स्ट्रक्चरांच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी. एक कॅरॅक्टर आणि त्यामागे एक इंट असलेले स्ट्रक्चर नेहमीच्या यंत्रांवर पाच बाइट्सचे नसून आठ बाइट्सचे असते, कारण इंटला चारच्या पटीतील पत्ता मिळावा म्हणून कंपायलर मध्ये तीन बाइट्स मोकळ्या सोडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण लिहिलेली ही घोषणा म्हणजे एक वचन असते आणि ते खरे की खोटे, हे कोणीही तपासत नाही. चुकीच्या घोषणेनंतरही उत्तर कधी कधी बरोबर येते. अशी चूक मग पुढच्या आवृत्तीत किंवा दुसऱ्या यंत्रावर उघडी पडते. त्यामुळे एखाद्या दिवसाच्या प्रयोगापलीकडे टिकणारे काम असेल, तर सीएफएफआय या पायथनच्या साधनाची एपीआय पद्धत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात आपल्या घोषणांवरून एक छोटी सी फाइल तयार होते आणि ती खऱ्या हेडरसह कंपाइल केली जाते. घोषणेत आणि हेडरमध्ये फरक असेल, तर बहुतेक वेळा कंपायलरच तो दाखवून देतो. कंपायलर बसवण्याचा त्रास घेऊनही हे करण्यासारखे आहे. शिवाय ३४२१७८०२६२ ही संख्या सीआरसी-३२ ची सर्वमान्य पडताळा संख्या आहे, तेव्हा तीच आपली पहिली चाचणी म्हणून प्रोग्रामबरोबर कायम ठेवावी.

प्रश्न : सी भाषेतील स्ट्रलेन या फंक्शनला मी पायथनमधून 'मराठी' हा शब्द दिला. लिनक्सवर उत्तर २ आले आणि विंडोजवर १०. पायथनचे लेन हे फंक्शन ५ सांगते. वाचणाऱ्याला तर तीनच अक्षरे दिसतात. यांपैकी खरे काय मानावे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपण निवडलेला शब्द फार चांगला आहे, कारण त्यामुळे एरवी झाकून राहणारी गोष्ट स्पष्ट दिसते. वाचकाला म, रा आणि ठी ही तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र काना आणि दुसरी वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे एकूण चिन्हे पाच होतात आणि पायथन तीच मोजतो. स्ट्रलेनला अक्षरे किंवा चिन्हे यांची काहीच कल्पना नसते. दिलेल्या पत्त्यापासून पुढे शून्य असलेली पहिली बाइट येईपर्यंत किती बाइट्स आहेत, एवढेच ते मोजते.

आता २ आणि १० कोठून आले ते पाहू. प्रकार न सांगता पायथनची स्ट्रिंग दिली, तर सीटाइप्स ती वाइड कॅरॅक्टरांच्या रूपात पाठवते. लिनक्सवर असे प्रत्येक कॅरॅक्टर चार बाइट्सचे असते. 'म' या चिन्हाच्या त्या चार बाइट्सपैकी पहिल्या दोन भरलेल्या आणि पुढच्या दोन शून्य असतात. म्हणून स्ट्रलेन दोनवरच थांबते. विंडोजवर वाइड कॅरॅक्टर दोन बाइट्सचे असते, या शब्दातील पाचही चिन्हांच्या दोन्ही बाइट्स शून्येतर आहेत, आणि म्हणून तेथे पाच दुणे दहा हे उत्तर मिळते. फंक्शन दोन्हीकडे अचूक वागले. चुकीचे होते ते त्याच्या हाती दिलेले साहित्य.

बहुतेक सी लायब्रऱ्यांना आज यूटीएफ-८ अपेक्षित असते. म्हणून स्ट्रिंगचे आधी यूटीएफ-८ मध्ये बाइट्सच्या माळेत रूपांतर करावे आणि मगच ती पाठवावी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेते, त्यामुळे दोन्ही यंत्रांवर उत्तर १५ येईल. आर्गटाइप्समध्ये कॅरॅक्टर पॉइंटर, म्हणजे अक्षरांच्या माळेचा पत्ता, असे नोंदवून ठेवले, तर पुढे कोणी चुकून थेट स्ट्रिंग दिली तरी सीटाइप्स ती नाकारून त्रुटी दाखवेल, आणि असे चुकीचे उत्तर मुकाट्याने मिळणार नाही.

आपण विद्यार्थ्यांना शिकवता, म्हणून यापुढचा धोकाही सांगून ठेवतो. अनेक जुन्या सी लायब्रऱ्यांत नावासाठी ठरावीक लांबीचा रकाना असतो. समजा तो २० बाइट्सचा आहे आणि त्यातील शेवटची बाइट शून्यासाठी राखलेली आहे. 'ज्ञानेश्वर' या नावात दहा चिन्हे असल्यामुळे त्याला ३० बाइट्स लागतात. लायब्ररीने ते १९ बाइट्सवर कापले, तर 'ज्ञाने' एवढा भाग शाबूत राहतो आणि त्यापुढे 'श' ची एक तुटकी बाइट लोंबकळत राहते. ती माळ पायथनने परत वाचायला घेतली की रूपांतराची त्रुटी येते. इंग्रजी नावांवर केलेल्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही. म्हणून सीमेवरच्या चाचण्यांत जोडाक्षरे असलेली मराठी नावे घ्यावीत, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : रस्टमधून एसक्यूलाइटच्या सी फंक्शनांना थेट हाक मारून मी नावे तक्त्यात भरतो. मजकूर बांधणाऱ्या बाइंड-टेक्स्ट या फंक्शनला नाव देतो, शेवटच्या पॅरामीटरमध्ये शून्य देतो आणि ते दर वेळी यशाचा संकेत परत करते. तरीही तक्त्यात कधी बरोबर नाव जाते, तर कधी कचरा. रस्ट ही भाषा मेमरीच्या चुका होऊ देत नाही, असे ऐकले होते.
— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : रस्टची हमी रस्टमध्ये लिहिलेल्या सुरक्षित भागापुरती असते. सी फंक्शनला हाक मारण्यासाठी अनसेफ हा शब्द लिहावा लागतो; तो लिहिताना आपण कंपायलरला सांगत असतो की येथून पुढच्या अटी मी स्वतः तपासल्या आहेत. आपल्याकडून यांतील एक अट निसटली आहे आणि ती त्या शेवटच्या शून्यात आहे.

बाइंड-टेक्स्टचा शेवटचा पॅरामीटर म्हणजे मजकुराचे काम संपल्यावर एसक्यूलाइटने ज्याला हाक मारायची, त्या फंक्शनाचा पत्ता असतो. त्याऐवजी दोन विशेष मूल्येही देता येतात. शून्य, म्हणजे स्टॅटिक, दिले तर त्याचा अर्थ असा होतो की हा मजकूर त्याच जागी तसाच राहील, त्याची प्रत काढू नये. उणे एक, म्हणजे ट्रान्झियंट, दिले तर एसक्यूलाइट मजकुराची स्वतःची प्रत लगेच काढून घेते. आपण शून्य देऊन मजकूर टिकण्याचे वचन दिले. पण नाव ज्या सीस्ट्रिंगमध्ये होते, ती रस्टच्या त्याच विधानात निर्माण झालेली तात्पुरती वस्तू असावी, असे आपल्या वर्णनावरून दिसते. विधान संपताच रस्टने ती मोडीत काढली. एसक्यूलाइट मजकूर प्रत्यक्षात वाचते ते नंतर, स्टेप या फंक्शनला हाक मारल्यावर. मधल्या काळात त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर नाव बरोबर जाते, लिहिले गेले असेल तर कचरा जातो. एसक्यूलाइटमधील तयार विधान (प्रिपेअर्ड स्टेटमेंट) मोडेपर्यंत किंवा त्याच जागी दुसरे मूल्य बांधेपर्यंत सीस्ट्रिंग जिवंत ठेवावी, नाहीतर ट्रान्झियंट द्यावे.

ट्रान्झियंट देताना आपल्याला दुसरी अडचण येईल. तो मॅक्रो, म्हणजे कंपाइल करताना ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो असे नाव, आहे, आणि मॅक्रो फक्त हेडर फायलीत असतात. कंपाइल झालेल्या लायब्ररीत त्यांचा मागमूसही नसतो. बाइंडजेन हे साधन हेडरवरून रस्टच्या घोषणा आपोआप तयार करते आणि साधे संख्यात्मक मॅक्रोही उतरवून घेते, परंतु उणे एकचे फंक्शन पॉइंटरमध्ये रूपांतर करणारा हा मॅक्रो त्याला जमत नाही. अशा वेळी तीन-चार ओळींची एक सी फाइल लिहून, तिच्यातील साध्या फंक्शनातून बाइंड-टेक्स्टला हाक मारणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मॅक्रो, इनलाइन फंक्शने आणि प्रिंटएफसारखी कितीही पॅरामीटर घेणारी फंक्शने या तिन्ही बाबतींत हीच रीत उपयोगी पडते. ॲपलच्या एआरएम प्रोसेसरांवर अशा फंक्शनांचे अनिश्चित पॅरामीटर रजिस्टरांतून न जाता स्टॅकवरून जातात, त्यामुळे ती साधी फंक्शने म्हणून घोषित केली तर इंटेलवर चाललेला प्रोग्राम तेथे बिघडतो. सी कंपायलरला हे सारे ठाऊक असते. त्यालाच ते करू द्यावे.

मालकीचा प्रश्न मात्र कोणतेही साधन आपोआप सोडवू शकत नाही, आणि या संपूर्ण विषयाचा गाभा मला तेथेच दिसतो. एसक्यूलाइटमध्येच तयार विधानाचा मूळ मजकूर देणारे एक फंक्शन आहे आणि बांधलेली मूल्ये भरून तोच मजकूर देणारे दुसरे. दोन्ही फंक्शने विधानाचा पॉइंटर घेतात आणि दोन्ही कॅरॅक्टर पॉइंटर परत करतात. पहिल्याने दिलेला मजकूर एसक्यूलाइटच्या मालकीचा असतो, त्याला आपण हात लावायचा नाही. दुसऱ्याने दिलेला मजकूर आपल्या मालकीचा होतो आणि तो एसक्यूलाइटच्याच फ्री फंक्शनाने मोकळा करावा लागतो. सी भाषेच्या सर्वसाधारण फ्रीने नव्हे. पहिल्याच्या घोषणेत कॉन्स्ट हा शब्द आहे, दुसऱ्याच्या नाही, एवढीच खूण हेडरमध्ये सापडते. बाकीचा करार दस्तऐवजात गद्यात लिहिलेला असतो. ओळीतील रकान्याचा मजकूर देणारे फंक्शन तर तिसराच नियम लावते : त्याचा पॉइंटर पुढची स्टेप घेईपर्यंत किंवा त्या रकान्याचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होईपर्यंतच वैध असतो.

म्हणून वापरायच्या प्रत्येक फंक्शनासमोर जागा कोणी घेतली, ती कोणी सोडायची आणि पॉइंटर कधीपर्यंत वैध आहे, ही तीन उत्तरे लिहून काढावीत आणि मगच रस्टचे आवरण लिहावे. जागा सोडण्याचे काम ड्रॉपकडे, म्हणजे वस्तू मोडताना रस्ट आपोआप चालवतो त्या फंक्शनाकडे, सोपवावे आणि अनसेफ हा शब्द त्या आवरणाबाहेर येऊ देऊ नये. पायथनचे वाचक हे वाचत असतील, तर त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की रेसटाइपमध्ये कॅरॅक्टर पॉइंटर लिहिला की सीटाइप्स लगेच बाइट्सची प्रत हाती देते आणि मूळ पत्ता हरवतो. जो मजकूर पुढे मोकळा करायचा आहे, त्यासाठी व्हॉइड पॉइंटर हाच प्रकार लिहावा.

प्रश्न : यंत्रातील सेन्सरचे आकडे देणाऱ्या एका सी लायब्ररीला मी पायथनचे फंक्शन कॉलबॅक म्हणून, म्हणजे लायब्ररीने स्वतः हाक मारावी म्हणून, देतो. प्रोग्राम थोडा वेळ नीट चालतो आणि नंतर कोणताही संदेश न देता बंद पडतो.
— एक लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बहुतेक वेळा याचे कारण एकच असते. पायथनचे फंक्शन सी भाषेला थेट देता येत नाही. सीटाइप्स त्यासाठी एक मध्यस्थ वस्तू तयार करते आणि सी लायब्ररी त्या वस्तूचा पत्ता जपून ठेवते. आपण ती वस्तू नोंदणीच्या ओळीतच तयार करून कोणत्याही चलात ठेवली नसेल, तर ओळ संपताच तिच्याकडे निर्देश करणारे पायथनमध्ये कोणी उरत नाही आणि ती मोडीत निघते. सी लायब्ररीला हे कळण्याचा मार्गच नसतो. पुढचा आकडा आला की ती जुन्या पत्त्यावर उडी घेते. जोपर्यंत नोंदणी कायम आहे, तोपर्यंत ही वस्तू एखाद्या दीर्घायुषी ऑब्जेक्टच्या गुणधर्मात ठेवावी, आणि बंद करताना आधी लायब्ररीकडील नोंदणी रद्द करून मगच ती सोडावी.

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. लायब्ररी स्वतःच्या थ्रेडमधून कॉलबॅकला हाक मारत असेल, तर पायथनचे सामायिक कुलूप मिळेपर्यंत तिला थांबावे लागते; म्हणून कॉलबॅकमध्ये आकडा रांगेत टाकण्यापलीकडे काहीही करू नये आणि हिशेब दुसरीकडे करावा. दुसरे असे की, कॉलबॅकमध्ये उद्भवलेली त्रुटी सी भाषेच्या चौकटी ओलांडून वर जाऊ शकत नाही. सीटाइप्स ती छापते आणि पुढे जाते. रस्टने यापेक्षा कडक भूमिका घेतली आहे : १.८१ या आवृत्तीपासून, सी पद्धतीने घोषित केलेल्या फंक्शनाबाहेर पॅनिक, म्हणजे रस्टमधील गंभीर त्रुटी, निसटू लागला, तर प्रोग्राम तेथेच थांबवला जातो. कॉलबॅकच्या आत सर्व त्रुटी पकडून त्यांचा संकेतांक परत करणे हाच सर्वत्र चालणारा मार्ग आहे.

कोसळण्याची जागा शोधण्यासाठी पायथन ३.३ पासून मूळ संचात असलेले फॉल्टहँडलर सुरू करावे. ते निदान पायथनची शेवटची ओळ दाखवते. लिनक्सवर व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारे साधन त्याहून पुष्कळ अधिक सांगते.

प्रश्न : आमचा जावा प्रोग्राम आवृत्ती १७ वर चालतो आणि त्याला एक सी लायब्ररी जोडायची आहे. जेएनआय शिकावे की नवी पद्धत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जावातून सी वापरण्याची जुनी पद्धत, जेएनआय, १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर आली. त्यात प्रत्येक फंक्शनासाठी जेएनआयच्या साच्यात बसणारे सी फंक्शन आपणच लिहावे लागते, ते प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल करावे लागते आणि त्यातील लहानशी चूकही संपूर्ण व्हर्च्युअल मशीन खाली आणते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या जावा २२ मध्ये फॉरिन फंक्शन अँड मेमरी ही पद्धत पक्की झाली. तिच्यात घोषणा जावामध्येच लिहिता येते, जेएक्स्ट्रॅक्ट हे साधन हेडरवरून ती तयार करून देते, आणि मेमरीचा प्रत्येक तुकडा एखाद्या अरीनाशी, म्हणजे मेमरीचे आयुष्य ठरवणाऱ्या वस्तूशी, बांधलेला असल्यामुळे अरीना बंद झाल्यावर जावाकडून त्याला हात लावला, तर कोसळण्याऐवजी त्रुटी मिळते. सी लायब्ररीने जपून ठेवलेल्या पॉइंटरांना मात्र हे संरक्षण नाही. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तींपैकी जावा २५ मध्ये ही पद्धत पक्क्या रूपात आहे. तेथे जाणे शक्य असेल तर जावे. १७ वरच राहणे भाग असेल, तर जेएनआय किंवा त्यावरचे जेएनए हे आवरण वापरावे. जेएनए संथ आहे, पण हाका मोजक्या असतील तर तो फरक जाणवणार नाही.

प्रश्न : लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरली, तर तिच्या परवान्याच्या अटी लागू होतात काय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : होतात. हाक कोणत्या भाषेतून मारली, यावर परवाना अवलंबून नसतो. एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीची आहे आणि झेडलिबचा परवाना अत्यंत उदार आहे, त्यामुळे तेथे चिंता नाही. टाइप केलेली ओळ संपादित करू देणारी जीएनयू रीडलाइन मात्र जीपीएल या परवान्याखाली आहे आणि ती डायनॅमिक पद्धतीने जोडली तरी संपूर्ण प्रोग्रामच्या वितरणाला जीपीएलच्या अटी लागू होतात, अशी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. म्हणूनच अनेक प्रकल्प तिच्याऐवजी बीएसडी परवान्याची लिबएडिट वापरतात. प्रोग्राम विकायचा किंवा वाटायचा असेल, तर पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच परवाना वाचावा.

प्रश्न : सी++ मध्ये लिहिलेल्या एका लायब्ररीतील फंक्शन मला पायथनमधून सापडतच नाही. नाव हेडरमध्ये आहे, लायब्ररीतही असणारच.
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाव आहे, पण बदललेल्या रूपात. सी++ मध्ये एकाच नावाची, भिन्न पॅरामीटर घेणारी अनेक फंक्शने असू शकतात. त्यांत फरक करता यावा म्हणून कंपायलर क्लासचे नाव आणि पॅरामीटरांचे प्रकार मूळ नावात गुंफून नवे नाव बनवतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर हे एका रीतीने करतो, जीसीसी आणि क्लँग दुसऱ्या रीतीने. ते विद्रूप नाव शोधून थेट हाक मारण्याच्या फंदात पडू नये. एक्स्टर्न सी अशी खूण करून, साध्या नावांच्या फंक्शनांचा एक पातळ थर सी++ मध्येच लिहावा : वस्तू तयार करून तिचा पॉइंटर देणारे एक, ती मोडणारे एक आणि मधल्या कामांसाठी लागतील तेवढी. वस्तूच्या पोटात काय आहे, हे बाहेर दाखवू नये, आणि एक्सेप्शन त्या थरातच पकडून संकेतांक परत करावा.

हे काम उत्तम कसे करावे, ते पाहायचे असेल तर हार्फबझ या लायब्ररीचे हेडर वाचावे. अक्षरे जुळवून मजकूर मांडणारी ही लायब्ररी आतून सी++ मध्ये आहे, पण बाहेरून पूर्णपणे सी. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांच्यात देवनागरी जोडाक्षरे तीच जुळवते. 'कि' लिहिताना साठवणीत आधी 'क' आणि मागून वेलांटी असते, परंतु पडद्यावर वेलांटी आधी उमटली पाहिजे. ही अदलाबदलही तीच करते. तिच्यात बफर तयार करणारे, त्यात यूटीएफ-८ मजकूर भरणारे, त्याची लिपी व दिशा ओळखणारे, अक्षररूपे ठरवणारे, त्यांची यादी देणारे आणि बफर सोडून देणारे अशी सहा मुख्य फंक्शने, तसेच फाँट तयार करणारी काही फंक्शने कळली की पायथनमधून प्रयोग सुरू करता येतो. उत्तरात मिळणाऱ्या प्रत्येक अक्षररूपाबरोबर क्लस्टर नावाची एक संख्या येते आणि ते रूप मूळ मजकुरातील कितव्या बाइटपासून आले, हे ती सांगते. यूटीएफ-८ मजकूर दिला असल्यामुळे एकाहून अधिक अक्षरांच्या देवनागरी मजकुरात ती तीनच्या पटीत वाढताना दिसेल. अक्षररूपांच्या यादीचा पॉइंटर मात्र बफरच्या मालकीचा असतो, म्हणून बफर सोडण्यापूर्वी लागणारी माहिती पायथनच्या यादीत उतरवून घ्यावी. 'कि', 'र्क' आणि 'क्ष' या तीन मजकुरांवर हा प्रयोग करून पाहावा.